कोरडे कपडे गाडीत, ओली माणसं घाटात

साताऱ्याहून समर्थ मंदिर, यवतेश्वरचा घाट, पेट्री, कास आणि तिथून खाली उतरून बामणोली. एका बाजूचं अंतर ४० किलोमीटरच्या आत. उघडिपीच्या दिवसांत सराईत सायकलवाले पहाटे निघून जाऊन-येऊन दुपारी घरी जेवतात. १२ जणांच्या एका गटाने हीच वाट जुलैच्या पावसात, दोन दिवसांत, मध्ये एक मुक्काम तंबूत अशी आखली होती. रविवारी ११ वाजता साताऱ्यात परतायचं होतं. शेवटची सायकल पोवई नाक्यावर आली ती पावणेतीनला, आणि तीही अकरावी. बारावी कासला एका टपरीमागे उभी होती, तिचा मालक एसटीने घरी गेला होता.

हाड मोडलं नाही, टाका पडला नाही. मोठा अपघात झाला असता तर सगळ्यांनी त्या एका वळणाकडे बोट दाखवलं असतं. इथे तसं एक वळण नाही. शनिवारी सकाळी पोवई नाक्यावर अगदी शहाणपणाचा वाटणारा एक निर्णय झाला आणि रविवारी दुपारपर्यंत त्याचं व्याज फिटत राहिलं. निर्णय असा: सगळं सामान पिकअपमध्ये टाकायचं, सायकली मोकळ्या ठेवायच्या.

गट, सायकली आणि उंचीचं गणित

वयं २२ ते ५६. निम्मे साताऱ्याचे, बाकीचे कोरेगाव-फलटणकडचे. पाच हायब्रिड (रोड बाईक आणि डोंगरी सायकल यांच्या मधल्या), चार रोड बाईक, तीन एमटीबी, म्हणजे जाड टायरच्या डोंगरी सायकली. ब्रेकच्या हिशेबाने पाहिलं तर सात सायकलींना केबलवर चालणारे डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्याशी बसवलेली तबकडी दोन पॅडच्या चिमटीत पकडणारे), दोघींना तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक, तिघींना रिमवर, म्हणजे चाकाच्या कड्यावर घासणारे. पुढे ही विभागणी महत्त्वाची ठरते.

सातारा शहर साधारण ७०० मीटर उंचीवर, कास पठार साधारण १,२०० मीटरवर आणि बामणोलीला लागून असलेल्या शिवसागराची, म्हणजे कोयनेच्या जलाशयाची, पूर्ण भरल्यावरची पातळी ६५९ मीटर. म्हणजे दोन्ही दिवशी पाचेकशे मीटर चढ आणि तेवढाच उतार. कागदावर शनिवार आणि रविवार जुळे भाऊ दिसतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. शनिवारी चढून घाम आला, पठारावर वारा लागला, तरी उतार संपतो तो मुक्कामावर, कोरड्या कपड्यांपाशी. रविवारी मात्र घामाने भिजलेलं अंग कासच्या उघड्या वाऱ्यातून पंधरा-वीस किलोमीटर नेऊन, मग यवतेश्वरच्या उतारावर, पायडल न मारता, वाऱ्याच्या तोंडी द्यायचं असतं. अंगात ऊब तयार होते ती पायडल मारताना. उतारावर ती बंद होते आणि थंडी दुप्पट होते. यवतेश्वरचा घाट सातारा हिल हाफ मॅरेथॉनमुळे धावणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. पण धावणाऱ्याला उतरतानाही पाय हलवावे लागतात. सायकलवाला उतारावर नुसता बसून गारठतो.

अंदाज वाचला, पण कुठला?

गुरुवारी संध्याकाळी हवामान खात्याचा अंदाज सगळ्यांनी पाहिला होता. जिल्ह्याला पिवळा इशारा, साताऱ्याच्या घाट विभागाला नारिंगी. चर्चा झाली ती पिवळ्यावर. फलटणकडच्या मंडळींनी आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून "एवढं काही नाही" असं सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. फक्त ते फलटणपुरतं खरं होतं. एकाच जिल्ह्यात माण-खटावला वर्षभरात पाचेकशे मिलिमीटरची वाट पाहावी लागते आणि महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर पडतो. कास-बामणोली या दुसऱ्या टोकाच्या बाजूला आहे. इथे येताना जिल्ह्याची ओळ सोडून घाट विभागाची ओळच वाचायची असते.

खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की जोरदार पाऊस, ११५.६ च्या पुढे अति जोरदार. सायकलवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. पहिल्या पायरीवर रस्त्याकडेच्या चरी भरून वाहतात आणि खड्डे दिसेनासे होतात. दुसऱ्या पायरीवर घाटात दगड सुटतात आणि फरशी पुलावरून पाणी जाऊ शकतं. नारिंगी असताना तंबूचा बेत ठेवायचा असेल तर छपराखाली झोपायची सोय आधी ठरवून ठेवायला हवी होती. ती कुणी ठरवली नव्हती.

शनिवार: थांब्यांचा दिवस

सहाला जमायचं, साडेसहाला निघायचं ठरलं होतं. निघाले सात वाजून दहा मिनिटांनी. पिकअपमध्ये सामान चढवण्यात वेळ गेला. बॅगा, तंबू, शेगडी, पंप, जास्तीच्या ट्यूब आणि प्रत्येकाची कोरड्या कपड्यांची पिशवी, सगळं आत. पिकअप पुढे गेली आणि साडेआठला बामणोलीत जाऊन थांबली.

चढाला पाऊस बारीक होता. सात जणांनी पायथ्यालाच मोटारसायकलवरचे जाड प्लॅस्टिकचे रेनकोट चढवले. असा रेनकोट बाहेरचं पाणी थांबवतो आणि आतला घामही थांबवतो. यवतेश्वरच्या देवळापाशी पोचेपर्यंत रेनकोटवाले आतून आणि बिनरेनकोटवाले बाहेरून, सारखेच भिजले होते. चढाला पातळ पॉलिस्टरचा एकच थर घालून भिजू द्यावं, माथ्यावर पोचल्याबरोबर, थांबायच्या आधी, वरचा थर चढवावा, हा क्रम आहे. शेतात चिखलणी करणाऱ्याकडे पाहिलं तरी कळतं. इरलं पाठीवर असतं, पुढची बाजू मोकळी, वारा खेळता. लोकरीचं घोंगडं भिजलं तरी ऊब धरून राहतं, सुती टी-शर्ट भिजला की ओल्या पोतेऱ्यासारखा अंगाला चिकटतो. १२ पैकी पाच जणांच्या अंगात सुती कपडे होते.

देवळापाशी पहिला पोचला आणि शेवटचा पोचला यात २६ मिनिटांचं अंतर पडलं. पुढच्यांनी ती २६ मिनिटं वाऱ्यात उभं राहून काढली. मागचे आले, त्यांनी दहा मिनिटं मागितली. मग पेट्रीला चहा, तिथे पुन्हा तेच. दिवसभरात असे पाच थांबे झाले. पावसात गटाला सर्वांत महाग पडतो तो थांबा. थांबण्याची जागा छपराखालची हवी, आणि ती तशी नसेल तर पुढच्याने थांबायचंच नाही, हळूहळू पुढे सरकत राहायचं. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे हळू चढणाऱ्यांना २० मिनिटं आधी सोडणं. माथ्यावर सगळे जवळपास एकदम पोचतात आणि कुणी कुणाची वाट पाहत नाही.

कासहून बामणोलीचा उतार शनिवारी निर्धास्त गेला, तो ब्रेकच्या पॅडच्या जिवावर. किती पॅड खर्ची पडले हे संध्याकाळी कुणी वाकून पाहिलं नाही.

मुक्काम

पठारावर तंबू ठोकायचा विचार कुणी केला नाही हे बरं झालं. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, तिथे मुक्कामाला मनाई आहे, आणि जांभ्याच्या कातळावर बोटभर मातीत खुंटी शिरतही नाही. बामणोलीत एका घरामागचं खासगी वावर विचारून घेतलं होतं. तरीही दोघांचा डोळा पाण्याकाठच्या मोकळ्या सपाट जागेवर गेला. समोर जलाशय, पलीकडे वासोट्याचा डोंगर ढगात, फोटो उत्तम. घरातल्या आजींनी पडवीतूनच हाक दिली, "आवं पोरांनो, तिथं नका ठोकू. पाणी चढतंय रोज. काल ती काठी कोरडी हुती." जुलैत कोयनेचा जलाशय भरत असतो. उन्हाळ्यात उघडा पडलेला काठ सपाट आणि मोकळा दिसतो तो काही आठवड्यांनी पाण्याखाली जायचा असतो म्हणूनच. जोराच्या पावसात एका दिवसात पाणी काही फूट चढतं.

पाच तंबूंपैकी दोन त्या रात्री भिजले. दोन्ही खालून. वरचं कापड शाबूत, शिवणीही नीट. गडबड होती ती खाली अंथरलेल्या प्लॅस्टिकची. तंबूखाली घातलेला कागद चारी बाजूंनी वीतभर बाहेर आला होता. 'चिखल लागू नये' म्हणून मुद्दाम मोठा घेतलेला. वरच्या कापडावरून ओघळलेलं पाणी त्या बाहेर आलेल्या काठावर पडलं आणि कागद व तंबूचा तळ यांच्या मधे पन्हाळातून गेल्यासारखं आत सरकलं. रात्री दोनला चार जणांच्या पाठीखाली डबकं. कागद तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं लहान हवा. जास्त असेल तर आत दुमडायचा, आणि दुमड खालच्या बाजूला, म्हणजे तिच्यात पाणी साचत नाही. एवढीशी गोष्ट, पण पावसाळी मुक्कामात तंबू भिजण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, आणि दोष बिचाऱ्या तंबूवर येतो.

तिसऱ्या तंबूत गळती नव्हती, घाम होता. ओले कपडे आत दोरीवर टाकून सगळ्या झिपा बंद केल्या होत्या. सकाळी छतावरून थेंब पडत होते. ओले कपडे तंबूत वाळत नाहीत. पिळून बाहेर ताडपत्रीखाली टांगायचे, सकाळी ओलेच अंगात घालायचे, आणि झोपायचा कोरडा जोड कुठल्याही परिस्थितीत सायकलवर चढवायचा नाही.

स्वयंपाक ताडपत्रीखाली झाला. १२ जणांना १ किलो २०० ग्रॅम तांदूळ, अर्धा किलो मूगडाळ, खिचडीचा बेत. २३० ग्रॅमची दोन गॅसची नळकांडी होती. आडोशात एक लिटर पाणी उकळायला १५ ग्रॅमच्या आत गॅस लागतो, त्या हिशेबाने खिचडी आणि चार वेळचा चहा सहज निघायला हवा होता. पण ताडपत्री डोक्यावर होती, बाजूने वारा मोकळा होता. ज्योत भांड्याला सोडून आडवी पळत होती. पहिलं नळकांडं खिचडी अर्धी शिजायच्या आत संपलं. अडचण पाहून कुणीतरी शेगडी तंबूत नेऊया म्हणालं, तेव्हा गटातल्या एकीने ठाम नाही सांगितलं आणि ते अगदी योग्य होतं. बंद तंबूत शेगडी म्हणजे आग आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही. दोन सायकली आडव्या टाकून त्यावर पोंचो बांधला, वारा अडला. शेवटी आजींच्या चुलीवरच्या नाचणीच्या भाकरी आणि पिठलं आलं आणि लोक पोटभर जेवले. खरं सांगायचं तर गाव ५० मीटरवर असताना पावसात १२ जणांचा स्वयंपाक शेगडीवर करायची हौस अनाठायी आहे. आधी सांगून, पैसे देऊन घरी जेवावं, शेगडी फक्त चहाला.

रविवार सकाळ: दोन तास वीस मिनिटं

निघायची वेळ सात, निघाले नऊ वीसला. हिशेब लावला तर कुठेही आळस सापडत नाही. ओले तंबू झाडून घडी घालायला सुक्या तंबूच्या दुप्पट वेळ लागतो. उरलेल्या गॅसवर १२ जणांचा चहा दोन फेऱ्यांत झाला. तिघांच्या चेन रात्रभरात गंजून लालसर झाल्या होत्या. शनिवारी सकाळी घातलेलं मेणाचं, कोरड्या हवेचं तेल पेट्रीपर्यंतच धुऊन गेलं होतं. पावसाळ्यात ओल्या हवेचं घट्ट तेल लागतं. मुक्कामावर पोचल्याबरोबर चेन फडक्याने पुसायची, प्रत्येक कडीवर एक थेंब, पायडल २० वेळा उलटं फिरवायचं, मग वरचं तेल पुन्हा पुसून काढायचं. सहा-सात मिनिटांचं काम. ते सकाळी, एकाच बाटलीवर, रांगेत उभं राहून झालं. दोघांच्या पायाला जळवा लागल्या होत्या, त्यांना तंबाखू-चुना लावून सोडवण्यात आणखी दहा मिनिटं.

आणि साडेआठला पिकअप निघून गेली. चालकाचं ११ वाजता साताऱ्यात दुसरं भाडं होतं. गट सातला निघाला असता तर गाडी मागून आली असती. गट निघालाच नाही, म्हणून गाडी पुढे गेली. कोरडे जोड, जास्तीच्या ट्यूब, मोठा पंप, प्रथमोपचाराची पेटी, सगळं तिच्यात. कुणी अडवलं नाही, कारण आपण दोन तासांत साताऱ्यात, असंच सगळ्यांना वाटत होतं. फोन लावावा तर नेटवर्क येत-जात होतं.

पंक्चर, तीनदा

कासच्या अलीकडे चढ संपता संपता एका हायब्रिडचं मागचं चाक बसलं. पावसात पंक्चर जास्त होतात, कारण ओल्या रबराला काच आणि तार सहज कापतात आणि चिकटलेला खडा चाक फिरेल तसा आत रुतत जातो.

पहिल्यांदा ट्यूब काढून तिथेच छत्रीखाली पॅच लावला. घासलेल्या जागेवर सोल्युशन लावून लगेच वर पॅच दाबला. सोल्युशन चार-पाच मिनिटं वाळून चमक जायला हवी, आणि ट्यूब बोटाला जराही ओली लागता कामा नये. पावसात या दोन्ही अटी पाळता येत नाहीत. दीड किलोमीटरवर पॅच उचलला. दुसऱ्यांदा नवी ट्यूब हवी होती. हाताशी आधी दोनच निघाल्या, दोन्ही एमटीबीच्या. रुंद, आणि जाड तोंडाच्या, मोटारसायकलसारख्या व्हॉल्वच्या. या सायकलच्या रिमला भोक होतं ते बारीक व्हॉल्वचं. बारीक व्हॉल्वची ट्यूब मोठ्या भोकात निभावून नेता येते, उलटं होत नाही. शेवटी एका रोड बाईकवाल्याने सीटखालून स्वतःची ट्यूब काढून दिली. तीही १५ मिनिटांत हवा जाऊन बसली, कारण ज्याने टायर तपासला त्याची बोटं थंडीने बधिर झाली होती. टायरच्या आतून बोट फिरवूनही त्याला नखाएवढी बारीक तार लागली नाही. जुन्या फुटक्या टायरांतून सुटलेल्या अशा तारा रस्त्यावर सगळीकडे असतात. अशा वेळी बोट न वापरता सुती फडकं किंवा मोजा टायरच्या आतून पूर्ण एक फेरी फिरवायचा. तार असेल तिथे धागा अडकतो. तिसऱ्यांदा कुणाला तरी ते सुचलं.

एकूण ४७ मिनिटं. पावसात रस्त्यावर पॅच लावायचाच नाही, ट्यूब बदलायची आणि फुटकी ट्यूब छपराखाली गेल्यावर दुरुस्त करायची. पण पंक्चरचा धडा हा दुय्यम. खरी किंमत ट्यूबची नव्हती. ४७ मिनिटं ११ माणसं, १९-२० अंशांच्या हवेत, वाऱ्यात, ओल्या कपड्यांत, बिनहालचालीची उभी होती.

चिक्कीचं वेष्टण

कास तलावाच्या पुढे सगळ्यात मागे राहणाऱ्या अनुभवी सायकलवाल्याच्या लक्षात आलं की त्याच्या पुढचा पन्नाशीचा गृहस्थ अर्ध्या तासात एक शब्द बोललेला नाही. चढाला तो गप्पिष्ट होता. कणसाच्या टपरीपाशी थांबवून हातात शेंगदाण्याची चिक्की दिली. त्याला वेष्टण फाडता येईना. अंगठा आणि तर्जनी जुळत नव्हती. हेल्मेटचा पट्टा काढायला सांगितलं, तोही निघेना. नाव-गाव विचारलं तर उत्तर बरोबर, पण जीभ जड. अंग थडथडत होतं.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली घसरू लागलं की हीच चिन्हं दिसतात: बोटं ऐकत नाहीत, शब्द अडखळतात, पाय अडखळतात. बर्फ लागत नाही त्याला. ओलं कापड, वारा, रिकामं पोट आणि स्वस्थ उभं राहणं एवढं पुरतं. थडथड सुरू आहे तोवर शरीर लढतं आहे. थडथड थांबली आणि माणूस झोपाळू झाला तर तो बरा झाला असं समजायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

इथून पुढे गटाने बरंच काही अचूक केलं. टपरीच्या आत नेऊन वाऱ्याकडे पाठ करून बसवलं, बुडाखाली पोतं. ओला सुती टी-शर्ट उतरवला. बदलायला कापड? ११ जणांत एकीच्याच सीटखाली, जाड पॉलिथिनच्या पिशवीत, एक कोरडा फुलबाह्यांचा टी-शर्ट आणि कानटोपी निघाली. टपरीवाल्याने घोंगडं दिलं. नीट गिळता येतंय हे पाहून गोड गरम चहा, दोन-दोन घोट करत तीन कप. एकाने तळवे जोरात चोळायला घेतले, त्याला थांबवलं. चोळल्याने हातापायांतलं थंड रक्त एकदम आत ढकललं जातं. दुसऱ्याने खिशातली बाटली पुढे केली, तीही परत गेली. दारूने अंग गरम झाल्यासारखं वाटतं, कारण रक्त कातडीकडे येतं, आणि तिथूनच ऊब बाहेर जाते.

पन्नास मिनिटांनी बोटं सुटली, गप्पाही सुरू झाल्या. "आता उतारच आहे, जातो मी," असं ते म्हणाले. त्यांना जाऊ दिलं नाही, हा त्या दिवसातला सर्वांत चांगला निर्णय. जे अंग पन्नास मिनिटांत जेमतेम ऊब धरतं ते घाटातल्या उतारावर दहा मिनिटांत ती घालवून बसतं, आणि ब्रेक दाबायला बोटंच लागतात. बामणोलीहून साताऱ्याला जाणाऱ्या एसटीत सोबत एक जण देऊन बसवलं. सोबत्याची सायकल आणखी एकाने उतारावर हाताने धरून ढकलत नेली. हे मात्र धोक्याचं होतं, दोन्ही सायकली टपरीवरच ठेवायला हव्या होत्या.

यवतेश्वरचा उतार

रविवारी दुपारी हा घाट सायकलवाल्यांचा नसतो. कासला निघालेल्या गाड्या, धुकं, काठावर उभे राहून भजी खाणारे. धुक्यात चार-पाच गाड्यांच्या पुढचं दिसत नव्हतं. उरलेल्या दहापैकी चौघांचे मागचे लाल दिवे पिकअपमधल्या बॅगांत होते.

रिम ब्रेक असलेल्यांना त्रास अपेक्षित होता आणि तो झाला. ओल्या रिमवर पॅड आधी पाणी पुसतो, मग पकडतो, त्यामुळे वळणाच्या चार-पाच सेकंद आधीच हलका दाब देऊन रिम पुसून घ्यावी लागते. हे तिघांना माहीत होतं. ते सावकाश उतरले.

फसले ते डिस्कवाले. एका हायब्रिडची लिव्हर तिसऱ्या वळणावर मुठीला टेकली. स्वाराने बाजूला थांबून लिव्हरपाशी असलेला केबल ताणायचा स्क्रू फिरवला. लिव्हर कडक झाली, म्हणून तो निघाला. पुढच्या उतारावर लिव्हर कडक, पण सायकल थांबेना. चरीतल्या गवतात घालून थांबवली.

केबलच्या बहुतेक डिस्क ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो, बाहेरचा. आतला, स्पोकच्या बाजूचा, जागेवर असतो. बाहेरचा पॅड डिस्कला किंचित वाकवून आतल्यावर टेकवतो. वाळूमिश्रित पाण्यात साधे रेझिनचे पॅड साबणासारखे झिजतात. आतला झिजला की डिस्कला जास्त वाकावं लागतं. अशा वेळी केबल ताणली तर चाकापाशी केबल ओढते तो ब्रेकचा हात आधीच अर्धा फिरून बसतो आणि जोर लागायच्या आत त्याचा फिरायचा पल्ला संपतो. म्हणून क्रम उलटा हवा: आधी आतला पॅड ॲलन कीने, म्हणजे षटकोनी चावीने, बहुधा ५ मिलिमीटरच्या, डिस्कला घासेपर्यंत आत घ्यायचा आणि किंचित मागे सोडायचा. मग केबलचा स्क्रू. पॅडच्या धातूच्या पाठीवर डिस्कला घासणारा मसाला अर्धा मिलिमीटरच उरला असेल तर काही जुळवत बसायचं नाही, पॅड बदलायचा. या सायकलवर आतल्या बाजूला मसाला उरलाच नव्हता. धातू डिस्कवर घासून चरे पडले होते.

सात केबल डिस्कवाल्यांत चार वेगवेगळ्या आकारांचे पॅड होते आणि जास्तीचा जोड एकाकडेही नव्हता. ती सायकल आणि आणखी एक, दोन्ही चालवत न नेता हाताने धरून समर्थ मंदिरापर्यंत उतरवल्या. पावणेतीन वाजले ते यामुळे.

पुढच्या खेपेसाठी काय बदललं

पिकअप राहिली, पण ती गटाच्या मागे चालते. शेवटच्या सायकलच्या पुढे जायचं नाही ही पहिली अट, आणि दुपारी चारपर्यंत दुसरं भाडं घ्यायचं नाही ही दुसरी. त्याचे जास्तीचे पैसे १२ जणांत वाटून जातात. इतकी साधी गोष्ट पहिल्यांदा कुणी चालकाशी बोललीच नव्हती, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

गाडी असो वा नसो, प्रत्येक सायकलवर स्वतःची एक पिशवी बांधलेली असते. खताच्या गोणीत येणारी जाड प्लॅस्टिकची आतली पिशवी, तोंड पिळून दुमडून रबराने बांधलेली. हीच कोरड्या पिशवीचं काम करते. तिच्यात फुलबाह्यांचा पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा टी-शर्ट, कानटोपी, आपल्याच चाकाची ट्यूब, आपल्याच ब्रेकचा पॅडचा जोड, ॲलन कीचा संच, सुती फडकं, मागचा दिवा आणि पाव किलो गूळ-शेंगदाणे. सगळं मिळून किलोच्या आसपास. पावसात तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत. तासाला अर्धा लिटर संपलं की नाही ते बाटली बघूनच ठरवायचं. निघायच्या आदल्या रात्री दोघांनी मिळून सगळ्या सायकलींचे पॅड टॉर्च मारून पाहायचे, आणि मुक्कामावर पुन्हा. एका बाजूच्या उताराने निम्मा पॅड खाल्ला असेल तर दुसऱ्या बाजूला किती उरेल ते तिथेच कळतं.

घाट विभागाला नारिंगी असेल तर तंबू रद्द, बामणोलीत पडवी किंवा खोली. लाल असेल तर बेतच रद्द.

टपरीमागची सायकल बुधवारी आणली. चेन वाळून केशरी झाली होती, दोन कड्या अडकलेल्या. चेन काढून डिझेलमध्ये रात्रभर ठेवली, कड्या पकडीने डावी-उजवीकडे हलवून सोडवल्या, धुऊन, वाळवून, तेल देऊन पुन्हा चढवली. टपरीवाल्याचं घोंगडं उन्हात वाळवून त्याच फेरीत परत दिलं.